आमदाराचा तालुका

१६ जून २०२५, सोमवार. कामशेत

काल दुपारी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला. चार जण गेले, जखमींची संख्या मोठी. रविवार, वर पाऊस, आणि पुण्या-चिंचवडहून लोटलेली गर्दी. संध्याकाळपासून फोन वाजतोय. तालुका वार्ताहराचे काम सोडून बरीच वर्षे झाली, पण लोकांना अजून वाटते की मला आतले काहीतरी ठाऊक असते. सगळ्यांचा प्रश्न एकच : "आमदार काय करत होते?"

नवा पूल मंजूर होता. रक्कम आठ कोटींच्या घरात होती. काम तेवढे सुरू व्हायचे होते. मंजुरी आणि पहिले घमेले यांच्यामध्ये आपल्याकडे किती टेबले असतात, हे वर्तमानपत्रात कधी येत नाही. आधी मागणी, मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, मग कार्यादेश. आमदाराची सही यातल्या पहिल्या पायरीवर चालते. पुढच्या प्रत्येक पायरीला त्याला फाइलीमागे फिरावे लागते, फोन करावे लागतात, चहा प्यावा लागतो.

त्याच्या स्वतःच्या हातात असतो तो स्थानिक विकास निधी. महाराष्ट्रात तो आता वर्षाला ५ कोटी आहे. मावळात शंभराच्या आसपास ग्रामपंचायती, शिवाय लोणावळा, तळेगाव, वडगाव, देहू. वर्षाचा सगळा निधी ओतला तरी कुंडमळ्याचा एक पूल पुरा होत नाही. म्हणजे बाकीचे सगळे मंत्र्याकडून, जिल्हा नियोजन समितीतून, सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओढून आणायचे. म्हणूनच "सत्तेत असलेला आमदार पाहिजे" हे वाक्य मावळात शेंबडे पोरही बोलते.

हे सगळे फोनवरच्या माणसाला सांगितले. तो म्हणाला, "ते खरं हो, पण माणसं मेली ना."

१८ जून, बुधवार

देहूतून तुकोबांची पालखी निघाली. देहूही मावळ विधानसभेतच, त्यामुळे आजचा दिवस कोणत्याही आमदाराच्या डायरीत आधीच छापलेला असतो. दूरदर्शनवर पाहिले. यंदा गुडघे चालू देत नाहीत.

२२ जून, रविवार. तळेगाव दाभाडे

पुतण्याच्या कामासाठी एका लोकप्रतिनिधीच्या कचेरीत बसलो होतो. कोणाच्या ते लिहीत नाही, सगळ्यांच्या कचेऱ्या सारख्याच असतात. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चार रांगा, भिंतीवर महाराज, पक्षाचे साहेब आणि एकवीरा आई. पीए दोन मोबाइल आणि एक वही घेऊन बसलेला. वहीत डाव्या बाजूला कामे, उजव्या बाजूला लग्ने आणि दहावे.

माझ्या पुढची बाई आंदर मावळातली. नवरा धर्मादाय रुग्णालयात, बिल वाढत चाललेले. अशा रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. नियम आहे, न्यायालयाने ठरवून दिलेली योजना आहे. पण तो नियम बाईपर्यंत पोचतो तो लेटरहेडवरच. तिच्यामागे एकाचा डीपी जळालेला, ऐन भातरोपांच्या दिवसांत मोटार बंद. त्याच्यामागे एकाला पोराचा अकरावीचा प्रवेश. एक म्हातारा नुसता सांगायला आला होता की सातबाऱ्यावर बापाचे नाव चुकलेय.

यातले एकही काम कायदे करण्याचे नाही. तहसीलदार, महावितरण, शाळा, दवाखाना ज्याने त्याने आपले काम केले असते, तर त्या चारही रांगा रिकाम्या दिसल्या असत्या. कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, पण आमदार नावाचे आपण जे करून ठेवले आहे ते दुसऱ्यांच्या न झालेल्या कामांचे दुकान आहे.

आणि दहावे. पुणे जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. इंद्रायणीच्या घाटावर सकाळी सातला कावळ्याची वाट बघत माणसे बसलेली असतात. तेवढ्यात पांढऱ्या गाड्या लागतात, माइक असतोच, आणि निवेदक एकेका पुढाऱ्याला श्रद्धांजलीसाठी पुकारतो. एका सकाळी तीन-चार दहावे करणारे लोकप्रतिनिधी मी पाहिलेत. विधानसभेत एकदाही तोंड न उघडलेला माणूस मावळात निवडून येऊ शकतो. दहाव्याला न येणारा येत नाही.

१ जुलै, मंगळवार. तळेगाव

काल रात्री माजी आमदार कृष्णराव भेगडे गेले. ८९ वर्षांचे होते. सकाळी बातमी कळली तसा निघालो. बाजारपेठेत दुकाने बंद, सगळ्या पक्षांची माणसे एकाच रस्त्याने चाललेली. गेल्या निवडणुकीत एकमेकांचे तोंड न पाहणारे आज खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांच्यापैकी बहुतेकांना कृष्णरावांनी कधी ना कधी झापलेले असणार.

तरुण पोरांना ते ठाऊक आहेत ते शाळा-कॉलेजांमुळे. इंद्रायणी विद्या मंदिर, नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळ, त्यांच्या नावाचे औषधनिर्माण महाविद्यालय. तळेगावात शिक्षणाची जमीन तशी जुनीच. विजापूरकरांचे समर्थ विद्यालय याच गावात होते आणि इंग्रजांनी ते बंद पाडले. त्या जमिनीवर कृष्णरावांनी पुन्हा इमारती उभ्या केल्या. आज इथली निम्मी घरे या ना त्या कारणाने त्या संस्थांशी बांधलेली आहेत. कुणी शिकले, कुणी शिकवले, कुणाच्या पोराला तिथे नोकरी लागली.

मला आठवतात ते आमदार कृष्णराव. १९७२ ची निवडणूक. बांगलादेशाच्या युद्धानंतरचे दिवस, इंदिरा गांधींची लाट. २७० जागांच्या विधानसभेत काँग्रेसने २२२ जिंकल्या. जनसंघाला सगळ्या महाराष्ट्रात मिळाल्या पाच, आणि त्यातली एक मावळची. ज्या लाटेत भले भले वाहून गेले, तिच्यात तळेगावचा हा गडी उलट्या दिशेने पोहून मुंबईला गेला. मग दुष्काळ पडला, रोजगार हमीची कामे निघाली. त्या काळात आमदाराकडे माणूस जायचा तो "आमच्या गावाला काम काढा" म्हणत. खडी फोडायचे काम का असेना.

पुढे ते काँग्रेसमध्ये गेले आणि १९७८ ला त्याच मावळातून पुन्हा निवडून आले. नव्वदच्या दशकात विधान परिषदेवरही होते. पक्ष बदलला म्हणून त्या वेळी ज्यांनी शिव्या दिल्या, त्यांनीही पुढे पोरांच्या प्रवेशासाठी त्यांचाच उंबरा झिजवला. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा मोठा वाटा होता, असे आज प्रत्येक जण सांगत होता. त्याच वसाहतीतला जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात बंद पडला. २०२२ मध्ये तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला. तेव्हा मोर्चे निघाले. जनरल मोटर्सची जागा पुढे ह्युंदाईने घेतली.

माझ्या लेखी कृष्णरावांची खरी गोष्ट वेगळी आहे. आमदारकी गेल्यावर माणूस काय करतो? बहुतेक जण पुढच्या तिकिटाची वाट बघत बसतात, किंवा पोराला पुढे करतात. कृष्णराव शाळेच्या पटसंख्येत आणि शिक्षकांच्या पगारात रमले. आमदार म्हणून ते जेवढे दिवस होते, त्याच्या कितीतरी पट दिवस ते माजी आमदार होते, आणि तालुक्यावरचे त्यांचे वजन माजी झाल्यावरच वाढले. हे मावळात दुसऱ्या कुणाला साधलेले मी पाहिले नाही.

परतताना पावसाने गाठले. वडगावच्या भात संशोधन केंद्राजवळ आडोशाला थांबलो. इंद्रायणी वाण इथलाच. बाजूच्या खाचरात आवणी चाललेली, बाया वाकून रोपे लावत होत्या. एकीने विचारले, "गर्दी हाय का लई तळेगावात?"

६ जुलै, रविवार. लोणावळा. आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी खाऊन लोणावळ्याला मित्राकडे. त्याचे चिक्कीचे दुकान, तिसरी पिढी. दुकानातून रस्ता दिसत नव्हता, नुसत्या गाड्यांचे छत दिसत होते. भुशी धरणाकडे जाणारी रांग. रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेले हे धरण. गेल्या वर्षी ३० जूनला त्याच्या वरच्या ओढ्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, तेव्हापासून पोलीस, दोऱ्या, सूचनांचे फलक. गर्दी तेवढीच.

मित्र म्हणाला, "टायगर पॉइंटला काचेचा स्कायवॉक करतायत. मला सांग, शनिवारी-रविवारी आमच्या पेशंटला दवाखान्यात न्यायचं कसं? त्याचं काय करतायत?" मी म्हटले, पार्किंगचे उद्घाटन करताना फोटो चांगला येत नाही. तो हसला नाही.

लोणावळ्याचे दुखणे निराळे आहे. मावळातला शेतकरी आमदाराला पाणी, रस्ता आणि डीपी मागतो. लोणावळेकर मागतो की येणारी माणसे येऊ द्या, पण आम्हाला घरी जाऊ द्या. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ आणि हे घाटावरचे शहर, असे सगळे एका मतपेटीत. त्यातून एकच माणूस मुंबईला जातो आणि चौघांच्या वतीने बोलतो.

९ जुलै, बुधवार

आज रामभाऊ म्हाळगींचा जन्मदिवस. १९२१, कडूस, खेड तालुका. कुठे बातमी नाही, फलक नाही. मावळात तर नाहीच, आणि ते मात्र मला खटकते. त्यांना पहिल्यांदा विधानसभेत पाठवले ते मावळाने, १९५७ साली.

तेव्हा महाराष्ट्र झालेला नव्हता. द्विभाषिक मुंबई राज्य होते, विदर्भापासून सौराष्ट्र-कच्छपर्यंत पसरलेले, आणि त्याच्या विधानसभेत ३९६ सदस्य. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. जनसंघ समितीत होता. त्याचे चार आमदार आले, त्यांत हे वकील. सगळा तालुका तेव्हा रेल्वेच्या रुळाला चिकटून होता. रुळापासून आत गेले की पायवाट, पावसाळ्यात तीही नाही. तशा तालुक्यात मते मागायची तर घोंगडी खांद्यावर टाकून चालावेच लागे. मावळातली म्हातारी माणसे सांगत, वकीलसाहेब वस्तीवर मुक्काम करायचे आणि मिळेल ती भाकरी खायचे. हे माझ्या लहानपणी ऐकलेले, त्यामुळे त्यात थोडी भर पडलेली असू शकेल.

ज्याबद्दल शंका नाही ती गोष्ट अशी : रामभाऊ दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवायचे. सभागृहात काय विचारले, काय केले. पुढे पुण्याच्या शुक्रवार पेठेतून निवडून आले, १९७७ ला ठाण्यातून लोकसभेवर गेले, तरी ही सवय सुटली नाही. १९८२ साली ते गेले, त्याच वर्षी त्यांच्या नावाची प्रबोधिनी निघाली, आणि आज देशभरचे लोकप्रतिनिधी तिथे प्रशिक्षणाला येतात.

मी वार्ताहर असताना अहवाल बरेच पाहिले. गुळगुळीत कागद, चौरंगी फोटो, पानापानावर नारळ फोडतानाचा हात, आणि आकड्यांच्या पुढे "कोटी". फार थोड्या अहवालांत तारांकित प्रश्न छापलेले आठवतात. किती प्रश्न विचारले, किती लक्षवेधी लावल्या, कोणत्या विधेयकावर काय बोलले, हे मतदाराने कधी विचारले नाही, म्हणून त्यांनीही कधी छापले नाही. पत्रकारांनीही विचारले नाही. आम्ही विचारायचो : तिकीट मिळणार का?

१२ जुलै, शनिवार

लोहगड जागतिक वारसा यादीत. शिवरायांचे बारा किल्ले, त्यांतला एक आपला. आनंद झाला. दुपारी मळवलीकडे गेलो तर अभिनंदनाचे फलक लागलेले. किल्ल्याचा फोटो कोपऱ्यात, बाकी जागेत माणसे.

१८ जुलै, शुक्रवार

अधिवेशन संपले. काल विधानभवनात दोन आमदारांचे कार्यकर्ते एकमेकांच्या अंगावर गेले. लॉबीत हाणामारी. पारावर सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. अधिवेशनातली दुसरी कोणती चर्चा पारावर निघालेली मला आठवत नाही.

पारावरचे अण्णा म्हणाले, "पूर्वी असं नव्हतं." असे म्हणणाऱ्यांची मला नेहमी गंमत वाटते. १९८१ मध्ये नरिमन पॉइंटचे विधानभवन उभे राहायच्या आधी सभागृह होते ते रिगलजवळच्या कौन्सिल हॉलमध्ये. रामभाऊ आणि आमदार कृष्णराव बसले ते तिथे. आता तिथे पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे. त्याच सभागृहात जांबुवंतराव धोट्यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट फेकला होता. तेव्हा आवाज असायचाच. फरक एवढाच की पेपरवेट आमदाराने स्वतः फेकला, त्यासाठी कार्यकर्ते आणले नव्हते.

पारावरची चर्चा मग नेहमीच्या वळणावर आली. मावळात पुढे कोण? १९९५ ला रूपलेखा ढोरे आल्या आणि तिथून जवळपास पंचवीस वर्षे हा भाजपचा गड. दिगंबर भेगडे दोनदा, बाळा भेगडे दोनदा. बाळाभाऊ २०१९ च्या जूनमध्ये राज्यमंत्री झाले. मदन बाफनांनंतर तालुक्याला लाल दिवा मिळाला म्हणून केवढे फटाके वाजले! ऑक्टोबरात निकाल लागला तेव्हा तेच मंत्री सुमारे ९४ हजारांनी पडले. पाडणारे सुनील शेळके आदल्या महिन्यापर्यंत भाजपचेच, तिकीट नाकारले म्हणून राष्ट्रवादीत गेलेले. २०२४ ला सगळे पक्ष विरोधात एकत्र आले, बापू भेगडे अपक्ष उभे राहिले, "मावळ पॅटर्न" म्हणून राज्यभर गाजले. शेळके एक लाख आठ हजारांनी निवडून आले. मंत्रिपद मिळेल अशी चर्चा होती, ते काही मिळाले नाही.

१९७२ ला लाटेविरुद्ध, २०१९ ला मंत्र्याविरुद्ध, २०२४ ला सगळ्या पक्षांविरुद्ध. मावळ पक्ष बघत नाही, माणूस बघतो, असे अण्णा अभिमानाने सांगतात. खरे आहे. पण त्या माणसात काय बघतो, हे पासष्ट-सत्तर वर्षांत पार बदलले. तेव्हा बघायचे, हा तिथे जाऊन बोलेल का. आता बघतात, हा इथे फोन उचलेल का. फोन उचलणारा वाईट नाही. आंदर मावळातल्या त्या बाईला मी काय सांगणार, की बाई, तुमच्या आमदाराने विधेयकावर उत्तम भाषण केले?

९ ऑगस्ट, शनिवार. पवनानगर

राखीपौर्णिमा. बहीण इथेच दिलेली, म्हणून येणे झाले. पण मावळात ९ ऑगस्ट म्हटले की आधी बऊर आठवते. २०११. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याला विरोध, द्रुतगती मार्गावर आंदोलन, पोलिसांचा गोळीबार, तीन शेतकऱ्यांचा मृत्यू. त्यानंतर मावळातून कोणत्याही पक्षाचा आमदार होवो, या एका प्रश्नावर त्याला दुसरी भूमिका उरली नाही. काम बारा वर्षे थांबले होते. २०२३ मध्ये स्थगिती उठली आणि पुन्हा पत्रे, बैठका, इशारे सुरू झाले.

धरण त्याहून जुने. पाणी साठले ते सत्तरच्या दशकाच्या आरंभी, म्हणजे कृष्णरावांच्या पहिल्या आमदारकीच्या वेळेस. तेव्हा ज्यांची घरे आणि खाचरे पाण्याखाली गेली, त्यातल्या साडेआठशेहून अधिक खातेदारांना अजून बदली जमीन मिळालेली नाही. या पन्नास वर्षांत जनसंघ, काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी सगळ्यांचे आमदार होऊन गेले. प्रत्येकाने प्रश्न मांडला, प्रत्येकाला आश्वासन मिळाले. मूळ खातेदार वारले, त्यांची पोरे म्हातारी झाली.

बहिणीच्या शेजारचा एक जण कागदांची पिशवी घेऊन आला. आजोबांचा धरणग्रस्ताचा दाखला, नकाशाची झेरॉक्स, जुने अर्ज. म्हणाला, "दादा, तुम्ही लिहिणारे. आमदारांना द्यायला एक अर्ज लिहून द्या."

मी म्हटले, अर्ज लिहितो, पण सोबत आणखी एक माग. या विषयावर आजवर सभागृहात सरकारने जी उत्तरे दिली, त्यांच्या प्रती. विधिमंडळाच्या ग्रंथालयात कामकाजाचे जुने खंड असतात. कोणत्या मंत्र्याने कोणत्या साली काय कबूल केले ते एकत्र लावले की मंत्रालयात बोलायला बरे पडते. आमदारांच्या माणसाला सांगितले तर तो काढून देऊ शकेल.

त्याने ऐकून घेतले, मान हलवली. मग म्हणाला, "ते मागाहून बघू. आधी पत्राचं घ्या. पत्र असलं की तहसीलला आत तरी घेतात."

लिहून दिला अर्ज. खाली त्याचा मोबाइल नंबर घातला, आणि "प्रत माहितीसाठी" म्हणून उपविभागीय अधिकाऱ्यांचे नाव टाकले. जुन्या उत्तरांच्या प्रतींची मागणी शेवटच्या परिच्छेदात घुसवली आहे.